सीमेपलीकडं दुसरं वर्ष: निपाणीच्या एका ऍडमिशनचं प्रकरण

निपाणीतल्या एका मुलीचं हे प्रकरण. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयूसी, म्हणजे इकडची बारावी, सायन्स कर्नाटक बोर्डातून, २०२४ ला पास. मार्क अगदी चौकात फ्लेक्स लागण्याइतके नव्हेत, पण बी.एस्सी. कुठंही मिळेल इतके. पहिलं वर्ष तिनं इकडच्या एका कॉलेजात केलं, म्हणजे बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली, आणि दुसऱ्या वर्षाला कोल्हापूर बाजूच्या एका कॉलेजात, म्हणजे शिवाजी विद्यापीठाखाली जायचं ठरवलं. पुढं काय झालं ते सविस्तर लिहितोय कारण दर जूनला हेच प्रश्न घेऊन पोरं फॉर्म भरायला येतात आणि प्रत्येकाला वाटतं की हे फक्त आपल्याच बाबतीत झालंय. मुलीचं नाव देत नाही, दोन्ही कॉलेजांची पण देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडा भूगोल. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, पण बेळगाव आमच्यापासून ७५ किलोमीटरच्या आसपास आणि कोल्हापूर ४० च्या आसपास. त्यामुळं मोठा दवाखाना कोल्हापूर, लग्नाचा बस्ता कोल्हापूर, निम्मे पाव्हणे कोल्हापूर, आणि तहसील, कोर्ट, सातबाराच्या जागी असणारा उतारा हे सगळं कर्नाटकाचं. शहराला लागूनच अर्जुननगर आहे, तिथं देवचंद कॉलेज, पत्ता तालुका कागल जिल्हा कोल्हापूर, संलग्न शिवाजी विद्यापीठाला. निपाणीच्या कित्येक घरांत आजोबा, बाप आणि नात असं ओळीनं त्या कॉलेजात शिकलेत आणि रोज राज्य ओलांडून गेलेत, त्याचं कुणाला काही वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मागं राहिला आणि कोल्हापूरला जोडला. शिवाजी विद्यापीठ झालं १९६२ ला. आमच्या इकडची कॉलेजं तेव्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, २०१० ला बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ निघालं मग त्याखाली आली. थोडक्यात एकाच गावच्या दोन मैत्रिणी दोन विद्यापीठांच्या डिग्र्या घेऊन बसलेल्या असतात, हे इथं जुनंच आहे.

मग अडतं कुठं? पहिल्या वर्षाला थेट पलीकडं गेलं तर फारसं अडत नाही, हे आधी सांगतो. कर्नाटक बोर्डाची पीयूसी म्हणजे बारावीच, देशातली बोर्डं एकमेकांना मानतात, पलीकडच्या विद्यापीठाला तुमचं मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचं बोर्ड नाहीतर विद्यापीठ सोडल्याचा दाखला, लागतं, टीसी लागते, पात्रतेचा फॉर्म भरायला लागतो, थोडी जादा फी जाते, आणि तोवर ऍडमिशन प्रोव्हिजनल राहते. कटकट आहे पण वाट मळलेली आहे, तिकडच्या ऑफिसात लोकांना माहीत आहे की निपाणीचं पोर आलं म्हणजे कुठले कागद मागायचे. अडतं ते मधेच जायचं म्हटलं की.

तिला मधेच का जायचं होतं, हे विचारणं सोपं आहे आणि घरात सगळ्यांनी तिला तेच विचारलं. पीयूसीचा निकाल आमच्याकडं एप्रिलमध्ये लागतो, महाराष्ट्राचा बारावीचा मेमध्ये. इकडची कॉलेजं लवकर ऍडमिशन उघडतात, आणि बाप म्हणतो हातातलं सोडू नको. बरोबरच आहे त्याचं, पलीकडं मेरिट लिस्ट कधी लागंल ते कोण सांगणार. म्हणून तिनं इकडं फी भरली, ओरिजिनल टीसी जमा केली, आणि एकदा टीसी जमा झाली की पोरगं निम्मं बांधलं गेलं असं समजायचं. शिवाय इकडं बस फुकट, जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या साध्या बसमधून बायकांना तिकीट नाही, आणि मध्यमवर्गीय म्हणता येणार नाही अशा घरात महिन्याचं बसभाडं ही काय किरकोळ गोष्ट नसते.

वर्ष निघालं. तिचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. एक, शिकवणं इंग्रजीत, अवघड जागा आली की सर कन्नडमध्ये समजावतात, वर्गातल्या बऱ्याच जणांना ते समजतं आणि तिला नाही. यात सरांचा दोष मला दिसत नाही, पलीकडं गेलं की तेच मराठीत होतं आणि जत-अक्कलकोटचं कन्नड पोर तिकडं तसंच गप्प बसतं. दुसरी गोष्ट जास्त व्यवहाराची: तिला पुढं एम.एस्सी. कोल्हापुरात करायची होती, आणि बी.एस्सी. त्याच विद्यापीठाची असली तर पुढं सोपं पडतं असं तिला कुणीतरी सांगितलेलं, ते चुकीचं नाही.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत कसली. २०२४-२५ हे वर्षच असं निघालं की दोन्ही राज्यांनी एकदम कूस बदलली. कर्नाटकानं २०२१-२२ मध्ये नवं शैक्षणिक धोरण घेऊन चार वर्षांची डिग्री आणलेली, ती २०२४-२५ पासून मागं घेतली आणि परत तीन वर्षांवर, तीन विषयांवर आलं. महाराष्ट्रानं नेमक्या त्याच वर्षी संलग्न कॉलेजांमध्ये नवं धोरण सुरू केलं, मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेचा पेपर, स्किलचा पेपर, भारतीय ज्ञान परंपरा, आणि हवं तर चौथं वर्ष. म्हणजे इकडचे ज्या गाडीतनं उतरले त्याच गाडीत तिकडचे चढले. या मुलीनं पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनानं शिकलेले, आणि पलीकडं दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या पोरांनी विषयांसोबत हे नवे पेपर पण केलेले. केमिस्ट्रीचं तिचं बरंचसं जुळत होतं, सिलॅबस समोरासमोर ठेवला की रेणू काय राज्य बघून बदलत नाहीत, पण तिच्याकडं ओपन इलेक्टिव्ह नाही, ज्ञान परंपरेचा पेपर नाही, स्किलचा पेपर वेगळा, आणि जो कन्नडचा भाषा पेपर तिनं रात्री जागून पास केलेला त्याचं तिकडं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही.

पहिल्या खिडकीवर विचारलं तर उत्तर आलं, क्रेडिट ट्रान्सफर होतं की आता, एबीसी आहे. एबीसी म्हणजे ऍकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, यूजीसीनं २०२१ मध्ये नियम काढून सुरू केलेली, विद्यार्थ्यानं मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे पास केलेल्या पेपरांचं वजन, एका खात्यात जमा राहतात आणि दुसरीकडं वापरता येतात अशी कल्पना. मुलीचा आयडी होता. ती खूश झाली. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, खात्यात जमा असणं वेगळं, आम्ही ती धरणं वेगळं, त्यासाठी विषयाच्या अभ्यास मंडळानं समकक्षता दिली पाहिजे, म्हणजे तुमचा पेपर आमच्या पेपरच्या बरोबरीचा असं म्हटलं पाहिजे. आणि हे खरं आहे. एबीसी हे नुसतं खातं आहे, समोरच्या दुकानदारानं तुमची नोट घ्यायची का नाही हे खातं ठरवत नाही. नियमात एवढंच आहे की डिग्री देणाऱ्या संस्थेतच किमान निम्मी क्रेडिट्स मिळवलेली पाहिजेत, बाकी कुठली धरायची हे ज्याचं त्यानं. तीन वर्षांच्या डिग्रीला किमान १२० क्रेडिट्स लागतात, म्हणजे हिशेबानं एक वर्ष बाहेरचं सहज चालण्यासारखं होतं. हिशेब कुणी नाकारला नाही, पण सही करायला कुणी पुढं आलं नाही, कारण असं प्रकरण त्यांच्याकडं आधी आलेलं नव्हतं आणि आधीचा नमुना नसलेल्या कागदावर सही करायला सरकारी माणूस का धजावेल, मी त्याच्या जागी असतो तर मी पण नसती केली.

अर्ज अभ्यास मंडळाकडं गेला. मंडळाची बैठक दर आठवड्याला होत नसते. तिकडं दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले, इकडं दुसऱ्या वर्षाची फी भरायची शेवटची तारीख आली. मायग्रेशन काढलं तर इकडचं नाव गेलं, नाही काढलं तर तिकडं अर्ज अपुरा. बाप मला म्हणाला, "सर, पोरगी कोल्हापूरला चालल्या का दुबईला, कळंना झालंय." तिनं शेवटी काय केलं ते पुढं येतंय, आधी दुसरी एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण या सगळ्या धावपळीत कुणीतरी तिला म्हणालं की अगं तू सीमाभागातली, तुला तर कोटा असेल.

कोटा म्हणा, सोय म्हणा, आहे. महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या, म्हणजे प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी कक्षाच्या, प्रवेश नियमांमध्ये उमेदवारांचे प्रकार पाडलेत आणि त्यात एक प्रकार वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांचा आहे. त्यासाठी दोन दाखले लागतात, एक सीमाभागातला असल्याचा आणि एक मातृभाषा मराठी असल्याचा. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे, निपाणी त्यात येते. पण ही सोय इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या कोर्सच्या पहिल्या ऍडमिशनसाठी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि आता पलीकडची बाजू बघा, जी आमच्या मराठी लोकांत फारशी कुणाला माहीत नसते: कर्नाटकाच्या केईएच्या, म्हणजे तिथल्या परीक्षा प्राधिकरणाच्या, नियमांमध्ये पण हुबेहूब असंच कलम आहे, गडिनाडु म्हणजे सीमाभागातल्या कन्नडिगांसाठी. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज हे महाराष्ट्रातले तालुके आणि केरळमधले कासरगोड, होसदुर्ग, मंजेश्वर इथं राहून शिकलेल्या, कन्नड, तुळू किंवा कोडव मातृभाषा असलेल्या पोरांना कर्नाटकात सीटसाठी पात्र धरतात, कन्नडची परीक्षा घेतात आणि धरतात.

दोन्ही राज्यांची कलमं शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट लक्षात येते. दोघांनी एकमेकांच्या हद्दीतल्या "आपल्या" पोरांसाठी खिडकी ठेवलीय. खिडकी ठेवण्यामागं माया आहे हे मान्य, पण त्या मायेत दावा पण मिसळलेला आहे. महाराष्ट्राची खिडकी म्हणते हा भाग वादग्रस्त आहे, कर्नाटकाची खिडकी पण वादग्रस्त म्हणूनच तिकडच्या तालुक्यांकडं बघते, आणि दोघंही आपल्या हद्दीतला भाग वादग्रस्त आहे हे मानायला तयार नाहीत. यात दोन विद्यापीठं एकमेकांशी बोललीत असं कुठंच नाही. दोघांनी एकेकट्यानं केलेलं काम आहे हे. आणि म्हणून जो विद्यार्थी भाषेच्या नावानं काही मागत नाही, ज्याला फक्त जवळचं कॉलेज हवंय, किंवा एक वर्ष इकडं एक तिकडं करायचंय, त्याच्यासाठी दोघांपैकी कुणाच्याच कागदात रकाना नाही. जतचं कन्नड पोर विजयपूरला जाताना आणि निपाणीचं मराठी पोर कोल्हापूरला जाताना एकाच जागी अडकतं. हे मी गावात बोललो तर दोन्हीकडचे कार्यकर्ते माझ्यावर नाराज होतात, होऊ देत.

जातीच्या दाखल्याचं पण ओझरतं सांगतो. मुलगी मराठा, कर्नाटकात मागासवर्गाच्या ३बी गटामध्ये. तो दाखला नदी ओलांडली की निव्वळ कागद. तिकडं मराठ्यांना २०२४ च्या कायद्यानं एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचं आरक्षण, पण ते महाराष्ट्राच्या रहिवाशांना. महाडीबीटीवर, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या पोर्टलवर, शिष्यवृत्ती भरायला गेलं की बहुतेक ठिकाणी डोमिसाईल महाराष्ट्राचं मागतात, आणि रेशनकार्ड कर्नाटकाचं असलेल्या घरात ते कुठून आणायचं. काही जण मामाचा पत्ता लावतात. ते करू नका, पुढं पासपोर्ट नाहीतर नोकरीच्या व्हेरिफिकेशनला ते अंगाशी येतं. तर तिला फी पूर्ण भरायला लागणार होती, हे घरात आधीच माहीत होतं, त्यावर वाद झाला नाही.

या सगळ्यात मला सारखं युरोपातलं एक उदाहरण आठवत राहिलं, कारण तिथला सीमेचा इतिहास आमच्यापेक्षा कितीतरी रक्ताचा आहे. ऱ्हाईन नदीच्या वरच्या पट्ट्यात फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड एकमेकांना भिडतात. त्यातला अल्सास हा फ्रान्सचा भाग १८७१ मध्ये जर्मनीकडं गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडं आला, १९४० मध्ये परत जर्मनीनं घेतला, १९४५ ला परत फ्रान्स. एकाच माणसानं घर न हलवता चारदा देश बदललेला असू शकतो. आणि त्याच पट्ट्यातल्या स्ट्रासबर्ग, मुलहाऊस बाजूचं ओट-अल्सास, फ्रायबर्ग, कार्ल्सरुहे आणि बाझल इथल्या विद्यापीठांनी १९८९ मध्ये करार करून युकॉर नावाचं मंडळ काढलं. एका विद्यापीठात नाव असलेला विद्यार्थी बाकीच्यांत जाऊन कोर्स करू शकतो, तिकडं वेगळी फी भरत नाही, आणि मिळालेली क्रेडिट्स घरच्या विद्यापीठात धरून घेतात. यात स्वित्झर्लंड तर युरोपियन युनियनमध्ये पण नाही, तरी बाझल आहे. २०१७ मध्ये स्ट्रासबर्गची ट्राम ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतल्या केलपर्यंत गेली, म्हणजे शहराच्या तिकिटावर दुसऱ्या देशात.

आता कुणी म्हणेल त्यांच्याकडं पैसा आहे. आहे, पण मला त्यातली पैसा न लागणारी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. युरोपात १९८७ ला इरॅस्मस योजना निघाली, पुढं १९८९ पासून तिच्यातूनच क्रेडिटचं समान माप आलं, एका वर्षाला ६० क्रेडिट्स, सगळीकडं तेच, आणि १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर डिग्र्यांचा सांगाडा पण बराचसा एकसारखा झाला. पण माप सारखं असणं पुरत नाही, ते आपल्याकडं एबीसीत आहेच. तिथं विद्यार्थी निघायच्या आधी लर्निंग ऍग्रीमेंट नावाचा कागद होतो. त्यावर विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ आणि घेणारं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या. तू तिकडं हे हे पेपर करणार, ते पास झालास की इकडं या या पेपरच्या जागी धरणार, असं आधीच ठरलेलं. पोरगं परत येऊन खिडकीवर उभं राहून "माझं धरा की" असं म्हणत नाही. आमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं उलटं झालं, आधी ती शिकली, आधी तिनं परीक्षा दिली, आणि मग हे धरायचं का नाही यावर विचार सुरू झाला, तो पण ती सोडून जायच्या तोंडावर.

शेजारी देशाचं उदाहरण हवं असेल तर नेपाळ बघा. १९५० च्या तहामुळं नेपाळी विद्यार्थ्याला भारतात यायला व्हिसा लागत नाही. बेळगावात शिकायला येणारं नेपाळी पोर परदेशी बोर्डाचं असतं, त्यामुळं त्याच्या बारावीचं काय करायचं हे विचारायला देशपातळीवर ठरलेली जागा आहे, समकक्षतेचं पत्र आणलं की विषय संपला. आमच्या मुलीसाठी तशी जागा नाही, कारण ती त्याच देशातली आहे आणि देशात हा प्रश्न येतो असं कुणी गृहीतच धरलेलं नाही.

सीमा एरवी दिसत नाही, हे पण खरं. दिसते ती मधनंच. २०२१ मध्ये कोविडच्या वेळी निपाणीजवळच्या सीमेवर कोगनोळीच्या टोलनाक्याजवळ आरटीपीसीआर रिपोर्ट मागायला लागले आणि रोज मोटरसायकलवर ये-जा करणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कळलं की आपण दुसऱ्या राज्यात जातो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा बसेस बंद, फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कंडक्टरच्या भाषेवरून प्रकरण झालं तेव्हा परत बसेस बंद, आणि ते तर बारावीच्या परीक्षेचे दिवस. अशा वेळी अर्जुननगरला चालत जाणाऱ्यांचं काही बिघडत नाही, पण कागल-कोल्हापूरला जाणाऱ्यांचे हाल. मुलगी पलीकडं जायचं म्हणत होती तेव्हा तिच्या आईची भीती ही होती, सिलॅबस वगैरे तिच्या गावीही नव्हतं. भाड्याचं पण होतं. इकडची फुकट बस इकडच्या राज्यासाठी, मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट ते तिकडच्या राज्यासाठी, आणि रोज दोन्ही राज्यांतनं जाणाऱ्या पोरीला पास काढायचा तर कॉलेजचा शिक्का एका राज्याचा आणि घरचा पत्ता दुसऱ्या राज्याचा. त्याचं त्रांगडं निस्तरायला जुलै गेला.

तर तिनं काय केलं. अभ्यास मंडळाचं उत्तर वेळेत आलं नाही. तिच्यासमोर तीन वाटा होत्या: इकडंच दुसरं वर्ष, वर्षभर घरी बसून उत्तराची वाट, नाहीतर तिकडं परत पहिलं वर्ष. बापाचं मत पहिल्या वाटेला, चुलत्याचं पण. आईचं म्हणणं पोरीला विचारा. ती म्हणाली, "काका, मी परत पहिलं करते, पण तिकडंच करते." मायग्रेशन काढलं, पीयूसीच्या कागदांवर पहिल्या वर्षाला नवी ऍडमिशन घेतली. शिकलेलंच केमिस्ट्री परत शिकली, ज्ञान परंपरेचा पेपर नवा केला, पहिल्या सेमिस्टरला वर्गात पुढं होती कारण निम्मं तिला येतच होतं. एक वर्ष गेलं. आणि इकडच्या वर्षाची फी, पुस्तकं, परीक्षा फी हे सगळं पाण्यात, कर्नाटकाची जी शिष्यवृत्ती तिला मिळण्यासारखी होती ती पण सुटली.

यात हट्ट तिचा होता असं तिचे चुलते अजून म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण तीन मतांची माणसं घरात असणं हेही प्रकरणाचाच भाग आहे म्हणून लिहिलं.

आता करता काय येईल. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे, त्याचा निकाल कधी आणि कसा लागेल ते लागो, पण बी.एस्सी.चं दुसरं वर्ष त्याच्यासाठी थांबत नाही, आणि या कामाला तो निकाल लागत पण नाही. गाव कुठल्या राज्यात हा प्रश्न न काढता दोन विद्यापीठं सामंजस्य करार करू शकतात, अशा करारांचे फोटो रोज पेपरात येतात, सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठांशी होतात, मग शंभरेक किलोमीटरवरच्या शेजाऱ्याशी का नको. करारात फार काही नको. नेहमी लागणारे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे पहिल्या वर्षाचे पेपर समोरासमोर ठेवून कुठला कुठल्याच्या जागी चालतो याचा तक्ता, तो जूनच्या आधी छापलेला, आणि जे पेपर कमी पडतात ते दुसऱ्या वर्षासोबत करायची मुभा. असा तक्ता असता तर आमच्या मुलीला बहुतेक दोन-तीन पेपर जादा करायला लागले असते, वर्ष नाही. मायग्रेशन येईपर्यंत इकडचं नाव न काढता तिकडं तात्पुरतं नाव धरणं, हे दुसरं. भाषेच्या पेपरच्या बदली भाषेचा पेपर धरणं, हे तिसरं, आणि मला विचाराल तर हे सगळ्यात अवघड जाणार, कारण कन्नड पास झालेल्या पोरीचा पेपर कोल्हापुरात धरला नाहीतर मराठी पास झालेल्या पोराचा बेळगावात धरला अशी बातमी कशी छापून येईल याचा विचार करून दोन्हीकडचे कुलगुरू दचकतील. तरी ज्या पोरांना दोन्ही भाषा येतात त्यांच्यात दोष बघणारा जगात आमचाच भाग असावा.

एक सोपा भाग मात्र पालकांच्या हातात आहे, तो कुणाच्या सहीसाठी अडत नाही. पलीकडं जायचंच असेल तर पहिल्या वर्षालाच जा, एप्रिलमध्ये निकाल लागल्या लागल्या मायग्रेशनचा अर्ज टाका, इकडं टीसी जमा करायच्या आधी तिकडची तारीख विचारून घ्या, आणि इकडं ऍडमिशन घेतलीच तर प्रत्येक पेपरच्या सिलॅबसची शिक्क्यासकट प्रत त्याच वर्षी काढून ठेवा, नंतर समकक्षता मागताना सगळ्यात आधी तेच मागतात आणि तोवर सिलॅबस बदललेला असतो. एबीसी आयडी काढलाय म्हणून निर्धास्त राहू नका. शिष्यवृत्तीचं दोन्हीकडं लेखी विचारा, तोंडी उत्तरावर फी भरू नका.

मुलगी आता तिकडं दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास मंडळाचं पत्र नंतर आलं, त्यात काही पेपर धरायला हरकत नाही असं होतं, पण तोवर ती पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन बसलेली, त्यामुळं ते पत्र फाईलला लागलं. धाकट्या भावाची पीयूसी या वर्षी झाली. त्याला पण कोल्हापूरच हवं होतं. बापानं ऐकून घेतलं, ताईच्या मागल्या वर्षीच्या पावत्या काढून त्याच्यासमोर ठेवल्या, आणि त्याची ऍडमिशन इकडंच बी.कॉम.ला केली.